इंदूरच्या घरातल्या महालक्ष्म्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखी पौर्णिमा झाली की माझ्याकडे निरोप यायला लागतात. भाचेसुनांचे, नणंदेच्या लेकींचे, रामबागेतून सुदामा नगरात किंवा थेट बंगळुरूत राहायला गेलेल्या शेजारणींचे. प्रश्न तेच असतात, विचारणारी दर वर्षी नवी असते. गेल्या काही वर्षांतले निरोप वहीत उतरवून ठेवले होते, त्यांतून हे पान तयार केलं आहे. उत्तरं आमच्या इंदूरच्या घरच्या रीतीची आहेत. जे आमच्यापुरतं आहे तिथे ‘आमच्याकडे’ असं लिहिलं आहे. तुमच्या घरी सासू, आजेसासू, काकू असं सांगणारं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा आणि त्यांचंच धरा.

१. महालक्ष्म्या आणि गौरी एकच का? मग दिवाळीतली लक्ष्मी कोणती?

एकच. पंचांगात ‘ज्येष्ठा गौरी’ लिहिलेलं असतं. पुण्याकडे आणि कोकणात गौरी म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात आणि आपल्या इंदूर-देवास-धारकडच्या घरांत महालक्ष्म्या. त्या दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. माहेरपणाला येतात, तीन दिवस राहतात आणि जातात. काही घरांत सोबत त्यांची बाळंही बसवतात, एक मुलगा आणि एक मुलगी. दिवाळीचं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं, ती पूजा वेगळी. या तीन दिवसांशी तिचा संबंध नाही.

२. तारीख दर वर्षी का बदलते? गणपतीच्या तिसऱ्या दिवशी येतात असं आई म्हणायची.

आईच्या आठवणीतलं ते एखादं वर्ष असेल. हा सण तिथीवर चालत नाही, नक्षत्रावर चालतो. भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा म्हणून ज्येष्ठा गौरी.

२०२३ ते २०२५ ही तीन वर्षं पाहिली की लगेच कळतं. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि आवाहन २१ ला, म्हणजे तिसऱ्या दिवशी. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला, आवाहन १० ला, चौथ्या दिवशी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ला, पाचव्या दिवशी.

असं का होतं, हे माझ्या सासऱ्यांनी मला पाटीवर काढून दाखवलं होतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप, दर १२ अंशांना एक तिथी. नक्षत्र म्हणजे चंद्र कुठल्या तारकांपाशी आहे त्याचं माप, १३ अंश २० कलांना एक नक्षत्र. अधिक महिना नुकताच होऊन गेला असेल तर भाद्रपद उशिरा येतो. तोवर सूर्य पुढे सरकलेला असतो, म्हणून चतुर्थीलाच चंद्र अनुराधेच्या जवळ पोचलेला असतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्या वर्षी महालक्ष्म्या लवकर आल्या. भाद्रपद लवकर आला तर चंद्राला अनुराधेपर्यंत जायला आणखी दोन दिवस लागतात.

तारखेबरोबर वेळही बघा. एखाद्या वर्षी अनुराधा दुपारीच संपते. त्या वर्षी दिवेलागणीची वाट पाहत बसू नका.

३. इथल्या हिंदी पंचांगात महिने पुढेमागे असतात. महालक्ष्म्या चुकणार तर नाहीत?

नाही. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगांत पौर्णिमेला. त्यामुळे महिन्याच्या नावाचा फरक फक्त कृष्ण पक्षात पडतो. शुक्ल पक्ष दोन्हीकडे त्याच नावाचा असतो, म्हणून भिंतीवर कालनिर्णय असो की जबलपूरचं लाला रामस्वरूप, भाद्रपद शुक्ल पक्ष तोच. नक्षत्रं तर आकाशातलीच आहेत.

४. शेजारच्या भाभी पितृपक्षात ‘महालक्ष्मी’ करतात, मातीचा हत्ती पुजतात. ती आपलीच का?

ते व्रत वेगळं. त्याला इथे हाथी अष्टमी म्हणतात. भाद्रपद शुक्ल अष्टमीला सुरू होऊन सोळा दिवसांनी, आपल्या भाद्रपद कृष्ण अष्टमीला (त्यांच्या आश्विन कृष्ण अष्टमीला) त्याची सांगता होते. हत्तीवर बसलेल्या लक्ष्मीची पूजा असते. गंमतीची सारखी गोष्ट म्हणजे सोळा हा आकडा आणि आपल्यासारखाच सोळा पदरी दोरा (२० पाहा) त्यांच्याकडेही आहे. आमच्या गल्लीत त्या आमच्या हळदीकुंकवाला येतात आणि आम्ही त्यांच्या हत्तीच्या पूजेला जातो. पितृपक्षात दुसऱ्याच्या घरी पूजेला जावं का, असं मला एकीनं विचारलं होतं. आम्ही वर्षानुवर्षं जातो आहोत.

५. कहाणी नेमकी काय आहे? आंबील कशासाठी?

कहाणी ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी, पूजा झाल्यावर, हातात अक्षता घेऊन ऐकायची. थोडक्यात अशी: आटपाट नगरातला एक गरीब ब्राह्मण. गावात घरोघरी गौरी आल्या, त्याची मुलंही हट्ट धरून बसली. आई म्हणाली, बाबांना सामान आणायला सांगा. घरात काही नाही, बाजारात जायला पैसा नाही. ब्राह्मण उठला आणि जीव द्यायला तळ्याच्या काठी गेला. तिथे एक म्हातारी सवाष्ण भेटली. तिनं समजूत घातली, त्यानं तिला घरी आणलं. बायको दिवा घेऊन पुढे आली आणि पाहुणीला काय वाढावं म्हणून कण्यांच्या मडक्यात पाहते तर मडकं काठोकाठ भरलेलं. मग कण्यांची पेज, पोटभर. दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं, तिसऱ्या दिवशी खीर. गायीम्हशींना नावानं हाका मारल्या तशा त्या धावत आल्या. जाताना म्हातारीनं वाळू दिली. घरभर, मडक्यांवर, पेटीत, गोठ्यात टाक म्हणाली. तीच गौर.

ज्वारीची आंबील या कहाणीतून आपल्या ताटात आली असं मी धरते. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या आदल्या रात्री ताकात भिजत घालतात आणि सकाळी जिरं-मीठ घालून शिजवतात. ताटात पुरणपोळी असते, साखरभात असतो, पण देवीपुढे आधी आंबील वाढायची.

६. मुखवटे, खडे, तेरडा, उतरंड: आमच्या घरी कोणत्या आहेत हे कसं ओळखू?

घरातल्या जुन्या ट्रंकेत पाहा. पितळी किंवा शाडूचे मुखवटे निघाले तर उभ्या महालक्ष्म्या. काहीच निघालं नाही आणि माळ्यावर मडक्यांची उतरंड असेल तर तीवर मुखवटे बसवत असतील. कोकणस्थ घरांत बहुधा पाणवठ्यावरून आणलेले खडे असतात, पाच किंवा सात, आणि ते आणणारी मुलगी वाटेत बोलत नाही. कुठे तेरड्याच्या रोपांचीच गौर करतात. इंदुरात हे सगळे प्रकार एकाच गल्लीत दिसतात, कारण होळकरांच्या काळात माणसं सगळीकडून आली. १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आल्यावर तर कारकून, वैद्य, पुजारी, शिलेदार अशी घरंच्या घरं इथे वसली आणि प्रत्येकानं आपली रीत सोबत आणली. म्हणून शेजारणीचं पाहून आपलं बदलू नका.

७. सासरी महालक्ष्म्या नाहीत, माहेरी आहेत. मी नव्यानं सुरू करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बहुतेक घरांत हा कुळाचार धरतात, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती घ्या. पण ‘सुरू केल्या की सात पिढ्या मोडता येत नाहीत’ अशा धाकानं कुणी थांबवत असेल तर घाबरू नका. माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी खड्यांच्या बसवा. एका तांब्यात तांदूळ, दोन खडे, खण, पुरणाचा नैवेद्य, एक सवाष्ण जेवायला. जमलं, मन लागलं, घरातले सोबत आले, तर पुढे मुखवटे घ्या. पहिल्याच वर्षी बर्तन बाजारातून मोठे स्टँड, मखर, रोषणाई घेऊन बसणाऱ्या दोन घरी मी पाहिलंय, तिसऱ्या वर्षी सगळं माळ्यावर गेलं.

८. आवाहनाच्या दिवशी नेमकं काय करायचं? कुणी सांगणारं नाही.

सकाळी घर झाडून-पुसून उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची किंवा कुंकवाची पावलं काढा. पावलं आत येणारी हवीत, घाईत उलटी काढली जातात. वाटेत हळदीकुंकवाचे हातही उमटवतात.

दोघी सवाष्णी दोन मुखवटे सुपात किंवा ताटात घेऊन दाराबाहेर उभ्या राहतात. घरातली सून त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालते, कुंकू लावते. मग थाळी-चमचा वाजवत आत यायचं. एक विचारते, ‘महालक्ष्मी आली, कशाच्या पावली?’ दुसरी म्हणते, ‘सोन्याच्या पावली.’ पुन्हा विचारायचं, मग ‘रुप्याच्या पावली’, मग ‘धनधान्याच्या’, ‘लेकराबाळांच्या’, जे मनात असेल त्याच्या पावली. वाटेत थांबत थांबत त्यांना घर दाखवायचं: हे स्वयंपाकघर, ही तिजोरी, हे धान्याचे डबे, ही मुलांची अभ्यासाची खोली. आमच्या सासूबाई मुखवटा हातात धरून कपाटाचं दार उघडायच्या आणि खरंच सांगायच्या, ‘हे बघ बाई, यंदा एवढंच आहे.’ मला तो क्षण सगळ्या सणात आवडतो. फ्लॅटमध्ये दोनच खोल्या असतील तर दोन खोल्या दाखवा.

त्या रात्री पक्वान्न नाही. प्रवासातून आलेल्या लेकीला द्यावी तशी भाजी-भाकरी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि मेथी किंवा शेपू.

थाळी वाजवण्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो म्हणून संकोच करणाऱ्यांना एकच सांगते, खालच्यांना आधी सांगून ठेवा आणि वर बोलवा.

९. उभं करताना साडी सरकते, मुखवटा हलतो. काय करावं?

पूर्वी पत्र्याच्या किंवा मातीच्या कोठ्या असत. त्यांत गहू-तांदूळ भरले की जड होऊन हलत नसत. आता सगळीकडे लोखंडी स्टँड. स्टँडच्या बुडाशी धान्यानं भरलेला डबा ठेवून सुतळीनं बांधा, म्हणजे रीतही राहते आणि स्टँडही पडत नाही. आधी स्टँडला जुनं सुती लुगडं घट्ट गुंडाळा आणि वरची साडी त्यावर टाचा. नुसत्या लोखंडावर रेशीम थांबत नाही.

साडी शीतलामाता बाजारातून दर वर्षी नवी घेतलीच पाहिजे असं नाही. आमच्याकडे एकीला पैठणी आणि एकीला महेश्वरी असते. ज्या विणकरांना अहिल्याबाईंनी महेश्वरला वसवलं त्यांच्या हातची साडी इंदूरच्या महालक्ष्मीच्या अंगावर असावी, ही माझ्या आजेसासूबाईंची इच्छा होती.

ज्येष्ठा कोणती, कनिष्ठा कोणती हे विसरायला होत असेल तर मुखवट्याच्या आतल्या बाजूला खूण करून ठेवा.

१०. सोळा भाज्या इंदुरात कुठून आणू? भाजीवाल्याला मराठी नावं कळत नाहीत.

नंदलालपुऱ्याच्या मंडईत सकाळी लवकर जा. पूजेच्या आदल्या दिवशी तिथे निम्मी गिऱ्हाइकं मराठी असतात आणि जुने भाजीवाले ‘लक्ष्मी की सब्जी’ म्हटलं की समजतात. तरी ही नावं पाठ करून ठेवा. घोसाळी म्हणजे गिलकी, दोडका म्हणजे तुरई, लाल भोपळा म्हणजे कद्दू, दुधी म्हणजे लौकी, चवळीच्या शेंगा म्हणजे चवला फली किंवा बरबटी, तांदुळजा म्हणजे चौलाई, कर्टुली म्हणजे किकोडा, अळू म्हणजे अरबी के पत्ते, पडवळ म्हणजे चिचिंडा, वाल म्हणजे बालोर. भेंडी, गवार, कारली, मेथी, पालक सांगायला त्रास नाही.

पडवळ इथे सहजी मिळत नाही, दोन दिवस आधी सांगून ठेवावा लागतो. अंबाडीची मात्र काळजी नको. निमाडात अमाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे रोजचं जेवण आहे, त्यामुळे खरगोनकडून आलेली बाई तुम्हाला आपण होऊन जुडी काढून देते. आणि माळव्याची बालम काकडी या दिवसांत हमखास असते, तिची कोशिंबीर करा. कोवळे भुट्टे असतील तर त्यांचा कीस सोळाव्यात धरा. नागपूरच्या पाहुण्यांनी आमच्याकडे भुट्ट्याचा कीस नैवेद्यात पाहून भुवया उंचावल्या होत्या. मी म्हटलं, देवी इंदूरला आली आहे, इंदूरचं खाऊन जाईल.

सोळा वेगवेगळ्या करणं शक्य नसेल तर सगळ्यांचे तुकडे घालून एकच मिश्र भाजी केलेली चालते. आमच्याकडे गेली बरीच वर्षं पाच वेगळ्या आणि बाकीची मिसळून अशीच असते. सोळा कोशिंबिरी, सोळा चटण्या यांच्या मागे लागून घरातली बाई आरतीच्या वेळी उभी राहू शकत नसेल तर भाज्या कमी करा.

११. कांदा-लसूण?

नैवेद्यात नाही. चातुर्मास आहे.

१२. फुलोरा बांधायलाच हवा का?

तुमच्या घरी असेल तर. करंज्या, पापड्या, वेण्या, शंकरपाळे तळून ते दोऱ्यानं मुखवट्यांच्या वर टांगतात. आमच्याकडे आहे, म्हणून सांगते: दोरा ओवायचं भोक तळण्याआधी पाडा. तळल्यावर पाडायला गेलं की वेणी मोडते.

१३. कामाच्या दिवशी पूजा आली, सवाष्णी जेवायला यायला तयार नाहीत. काय करू?

ज्येष्ठा नक्षत्र रविवार बघून येत नाही. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, जेवण दुपारी दोनऐवजी रात्री आठला ठेवतो, नैवेद्य मात्र वेळेवर दाखवतो. दोन, सवाष्ण म्हणून नात्यातलीच हवी हा आग्रह सोडला. शेजारच्या सिंधी घरातली सून, मुलाच्या शाळेतल्या बाई, घरी काम करायला येणारी मावशी, यांना पाटावर बसवून, पाय धुऊन वाढलेलं आहे. कहाणीतली म्हातारी (५ पाहा) कुठल्या गावची, कुठल्या घरची हे ब्राह्मणानं विचारलं नव्हतं.

१४. सासरे गेले. आता सासूबाईंनी पूजेत बसावं का? नातेवाईक नाही म्हणतात.

हा निरोप एका सुनेनं रात्री साडेअकराला पाठवला होता. तिला जे लिहिलं तेच इथे लिहिते.

बसावं. ज्या बाईनं चाळीस वर्षं ते मुखवटे घासले, ज्या बाईला प्रत्येक दागिन्याचं ठिकाण ठाऊक आहे, तिला त्या दिवशी आतल्या खोलीत बसवून तुम्ही कुणाचं स्वागत करणार? आमच्याकडे सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना सासूबाई आपण होऊन बाजूला झाल्या. मी आणि जाऊबाईंनी ठरवून त्यांच्या हातात मुखवटा दिला. त्या रडल्या, आम्हीही रडलो आणि मग त्यांनीच विचारलं, ‘कशाच्या पावली?’ हळदीकुंकू सगळ्यांच्या आधी त्यांना लावलं. एक आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या वर्षी जेवल्या.

१५. पाळी आली तर?

घरातल्या दुसऱ्या कुणीही पूजा करावी, पुरुषांनीही. मुलगा, दीर, नवरा साडी नेसवू शकतात, आरती करू शकतात. घरात एकटीच असाल तर काय, याला प्रत्येक घराचं उत्तर वेगळं आहे आणि मी कुणाच्या श्रद्धेला हात लावणार नाही. माझं विचाराल तर मी करते. गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलणं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. कुठल्याच देवीनं ते मागितलेलं नाही.

१६. सुतक किंवा सोयर आलं तर पुढच्या महिन्यात बसवायच्या का?

आमच्याकडे नाही. राहिल्या तर त्या वर्षीच्या राहिल्या, पुढच्या भाद्रपदात बसवायच्या. नक्षत्राचा मेळ (२ पाहा) दुसऱ्या महिन्यात जुळत नाही, म्हणून सोयीची तारीख काढण्यात अर्थ नाही. सुतक पूजेच्या आधी फिटत असेल तर पंचांग घेऊन गुरुजींना विचारा. आवाहन आणि पूजन एकाच दिवशी करणारी घरं मी पाहिली आहेत. बाळ जन्माला आल्यामुळे महालक्ष्म्या राहिल्या म्हणून हळहळू नका, घरात लक्ष्मी किंवा गणपती आलेलाच आहे.

मुखवटे बसल्यानंतर मधेच बातमी आली, तर सुतक नसलेल्या कुणाकडून नैवेद्य दाखवून त्या हलवतात (२० पाहा).

१७. भाऊ वेगळे झाले. महालक्ष्म्या कुणाकडे?

रीत अशी, की मोठ्याकडे राहतात आणि धाकटे तिथे जमतात. काही घरांत पाळी असते, एक वर्ष एकाकडे. वेगळ्या मांडायच्याच असतील तर नवे मुखवटे घेऊन मोठ्या घरच्या मुखवट्यांशेजारी एकदा पुजून मग आपल्या घरी न्यावेत. जोडी फोडून ज्येष्ठा एकाकडे, कनिष्ठा एकाकडे असं कधीही करू नका. हे मी झालेलं पाहिलं आहे, आणि त्या दोन भावांनी नंतर नवव्या वर्षी मुखवटे पुन्हा एकत्र आणले.

१८. मुखवटे बंगळुरूला, परदेशी न्यावेत का?

जिथे करणारी माणसं आहेत तिथे न्यावेत. इंदूरच्या वाड्यात कुलूपबंद ट्रंकेत ठेवून वर्षातून एकदा व्हिडिओ कॉलवर दर्शन घेण्यापेक्षा ते बरं. निघताना घरच्या देवापुढे नारळ ठेवा, मुखवटे हातातल्या सामानात घ्या, मऊ कापडात वेगवेगळे गुंडाळा. सोबत घरच्या धान्याची एक मूठ न्यायची आमची पद्धत आहे. परदेशी धान्य नेऊ देत नाहीत, तिथलंच घ्या. शाडूचे असतील तर ते नेण्याचा धोका पत्करू नका, तिथे खडे बसवा (७ पाहा).

१९. मुखवट्याला तडा गेला. रंग उडाला. घासावा का?

साधा पितळी मुखवटा चिंच किंवा लिंबू लावून घासा, लगेच धुऊन कोरडा करा. रंगवलेला मुखवटा घासू नका, कोरड्या सुती कापडानं पुसा. रंग काम जाणणाऱ्याकडूनच द्या. आमच्याकडे एकदा डोळे नव्यानं रंगवून आणले आणि देवीची नजरच बदलली. घरातल्या लहान मुलीनं पहिल्यांदा सांगितलं, ही आपली नाही. पुन्हा जुना फोटो देऊन करून घेतलं. त्यामुळे रंगाला देण्याआधी समोरून फोटो काढून ठेवा. तडा गेलेले मुखवटे पूजेत ठेवत नाहीत. नवे घेतल्यावर पहिल्या वर्षी जुने शेजारी ठेवून पुजतात आणि मग निरोप देतात.

२०. तिसऱ्या दिवशी काय काय असतं? गाठी आणि दोरा म्हणजे काय?

मूळ नक्षत्राच्या सकाळी सुताचे सोळा पदर घेऊन त्यांत सोळा गाठी पाडतात. हळदीकुंकू, सुकामेवा, झेंडूची पानं, काशीफळाचं फूल, रेशमी धागा असं एकेक गाठीत घालतात. काशीफळ म्हणजे इथला कद्दू, त्याचं फूल भाजीवालीला आधी सांगून ठेवा. हळदीत रंगवलेला दोरा घरातल्या बायका गळ्यात किंवा हातात बांधतात. आमच्याकडे दिवाळीच्या आधी तो काढून तुळशीत सोडतात.

मग आरती, दहीभाताचा नैवेद्य, अक्षता वाहून मुखवटे जागेवरून किंचित हलवायचे. हलवलं की त्या निघाल्या. दागिने, साडी नंतर सावकाश उतरवा.

२१. इंदुरात विसर्जन कुठे करायचं? आणि गणपती?

पितळी मुखवटे कुठेच सोडायचे नाहीत, ते पुसून ट्रंकेत जातात. खडे असतील तर घरीच बादलीत पाणी घेऊन. आपल्या नळाला नर्मदा येते, याहून वेगळं तीर्थ शोधायला नको. ते पाणी झाडांना घाला. निर्माल्य महापालिकेच्या संकलनात वेगळं द्या, खान नदीत किंवा तलावात टाकू नका.

पुष्कळ घरांत गणपतीही महालक्ष्म्यांबरोबर जातो, आमचा अनंत चतुर्दशीपर्यंत राहतो. दोन्ही रीती आहेत.

कहाणीतली वाळू (५ पाहा) विसरू नका. विसर्जनाहून येताना नदीकाठची वाळू आणून घरात टाकायची असते. इंदुरात तसा काठ उरला नाही, म्हणून आम्ही वर्षात कधीतरी महेश्वरला गेलो की घाटावरून एक डबी भरून आणतो आणि त्या दिवशी धान्याच्या डब्यांवर, कपाटात, मुलांच्या दप्तरात चिमूटभर टाकतो.

२२. मूळ नक्षत्राच्या सकाळी सहाची फ्लाइट आहे. आदल्या रात्रीच हलवल्या तर?

आधी पंचांगात मूळ कधी लागतं ते पाहा. काही वर्षी ते आदल्या संध्याकाळीच लागतं आणि मग प्रश्न उरत नाही. लागत नसेल तर ज्येष्ठा नक्षत्रावर, पूजेच्याच रात्री, त्यांना उठवू नका. किल्ली जावेकडे, शेजारणीकडे, कुणा विश्वासातल्या माणसाकडे द्या. दहीभात, विडा, अक्षता झाकून ठेवा आणि आरती कुणी करायची ते सांगून ठेवा. मागच्या वर्षी भाचेसुनेनं असंच केलं. पहाटे निघताना तिनं दाराशी वळून दोघींना नमस्कार केला, आणि सकाळी नऊला मी तिच्या घरी जाऊन दहीभाताची शिदोरी दाखवली, त्यांना हलवलं, दिवा शांत होईपर्यंत थांबले आणि किल्ली वाण्याच्या दुकानात ठेवून आले.